लाल दोऱ्याचं बटण

५ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न.

सीमेपलीकडे निघालेल्या नर्सबाईंच्या हाती हे पत्र दाराच्या फटीतून देतोय. इथे घराघरांतून माणसं ओढून काढून मारताहेत. आमच्या पाणीपुरवठा केंद्राच्या रिकाम्या टाकीत आम्ही एकशे चाळीस जण लपलोय. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्याकडे. मारेकरी गणवेश चढवून येतात, वाचवायला आलोय म्हणतात. पलीकडच्या शाळेने विश्वासाने दार उघडलं, एकही वाचला नाही. म्हणून मी कुणालाच उघडत नाही. तुमच्या सरकारला म्हणावं, चर्चा पुरे, या आता!

आठवणीत असू दे.
तुझा धांदरट भाऊ

१४ मार्च
चि. धांदरटास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तरी खरं सांगते, फौज पाठवायला माझा विरोधच होता. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून कुणाचं भलं झालंय, असं मी शिवणाच्या दुकानात येईल त्याला सुनवायचे. काल ठराव मंजूर झाला आणि पहिल्याच तुकडीत तुझा भाचा! पठ्ठ्याने आपणहून नाव दिलं, साहेबांना नकाशावर तुझी टाकीही दाखवली. मामा तिथे नसता तरी गेलो असतो, म्हणाला. मग त्याची बटणं पक्की केली. हो, तुझी लावायचे तशीच, लाल दोऱ्याने. कुरकुरला, कुरकुरू दे.

जिवाला जप रे.
ताई

२९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न.

सुटलो गं! एकशे चाळीसच्या एकशे चाळीस!

परवा दारावर थापा पडल्या. बाहेरून कुणीतरी ‘मामा, मामा’ म्हणत होता, पण मारेकरीही नातं लावूनच बोलतात, आणि भाच्याला मी शेवटचं पाहिलं ते तो सहा वर्षांचा असताना. मी फटीला डोळा लावला. दिसलं फक्त छातीवरचं एक बटण, लाल दोरा, तुझी ती तिरकी गाठ! ओरडलोच मी. किल्ली हातातून दोनदा पडली. शाळेत त्या बटणांना पोरं हसायची म्हणून तुझ्यावर किती चिडायचो!

तुझं पत्र आज पोचलं, फौजेच्या मागून. विरोध वाचला, माफ केला.

तुझाच,
धांदरट

६ एप्रिल
चि. धांदरटास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं, रडले, पुन्हा वाचलं. उद्या दुसरी तुकडी निघतेय. आयांची रांग लागलीय, सगळ्यांना लाल दोराच हवा. लेक परत येईपर्यंत घोर आहेच. पण आता कुणी नाक खुपसण्याची गोष्ट काढली, की मी विचारते, दार ठोठावायला कुणी गेलंच नसतं, तर माझ्या भावाने उघडलं कुणाला असतं?

माया आहे तश्शी राहू दे. आणि ती किल्ली जपून ठेव.
तुझी ताई