गॉर्डीचा फोन

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज पुन्हा तेच! दुकानात सामानाचे पैसे घेणाऱ्या बाईने माझा हातच धरला. म्हणाली, ‘मिसेस ब्रॅनॉक, साहेबांना सांगा, त्या गॉर्डी प्रुइटला सोडू नका म्हणावं. फार शेफारलाय.’ मागच्या दोघींनी माना डोलावल्या. आणि मी काय केलं? हसले. हसून हसून तोंड दुखलं मेलं.

ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई गं, हे भांडण माझ्या स्वयंपाकघरात शिजलंय! दोन वर्षांपूर्वी, माझ्याच हातचं जेवून. तेव्हा आमच्या वॉल्टचा टीव्हीवरचा रात्रीचा कार्यक्रम कुणी बघत नव्हतं, आणि गॉर्डीला सिनेमे मिळेनासे झाले होते. गॉर्डीच म्हणाला, ‘आपण दोघं भांडूया. लोकांना भांडण फार आवडतं.’ वॉल्टने खूश होऊन टेबलावर हात आपटला. नियम एकच ठरला, घरचं काही मध्ये आणायचं नाही. कॉफी मीच ओतत होते. त्याच वेळी किटली डोक्यावर ओतायला हवी होती दोघांच्या.

आता ते एकत्र दिसले तर भांडण खोटं ठरेल. म्हणून गॉर्डीचं रविवारचं जेवण बंद. आमच्या लेकीच्या, कॉलीनच्या वाढदिवसालाही आला नाही, आणि हा तिचा धर्मपिता! मला कुणी विचारलं होतं?

७ नोव्हेंबर

एक बरं आहे — फोन तरी चालू आहे. जेवण झालं की वॉल्ट अभ्यासिकेत जातो, दार लोटतो आणि गॉर्डीला फोन लावतो. वीस वर्षांची सवय. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो. मी म्हटलं, मलाही दे जरा. तर म्हणे गॉर्डीकडे नवा नोकर आहे, तो वर्तमानपत्रांना बातम्या विकतो. ‘मी लाँड्रीवाला म्हणून फोन करतो, अगं. तुझा आवाज ऐकला तर उद्या छापून येईल.’

पन्नाशी उलटलेली माणसं! लाँड्रीवाला!

११ नोव्हेंबर

डोंगराकडून गरम वारा सुटलाय. दिवे गेले आणि आले. सगळी घड्याळं चुकली, म्हणून फोनवरच्या वेळ सांगणाऱ्या बाईला फोन लावला. रेकॉर्डवरचा आवाज, पण किती शांत बोलते! या गावात खरं बोलणारी ती एकटीच बाई उरलीय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

आज चित्रीकरणाला गेले होते. लोकांना वाटतं वॉल्ट मध्यरात्री त्यांच्याशी बोलतो. तो साडेपाचला बोलतो आणि आठला घरी जेवतो. गॉर्डी पाहुणा होता. आता त्याच्यावर मोठा डाव टाकणार, हे मला ठाऊक होतं — त्याच्या गाडीसारखीच एक गाडी भाड्याने आणायची, ती ओल्या सिमेंटने भरायची आणि ‘ही घे तुझी गाडी’ म्हणून पडदा उघडायचा. वॉल्टने मला सांगितलं होतं. म्हटलं, चला, निदान गॉर्डी लांबून तरी दिसेल.

पडदा उघडला. हिरवी गाडी, काचेपर्यंत सिमेंट. लोक नुसते लोळले हसून. आणि मला मागच्या मडगार्डवरचा पोचा दिसला. तो पोचा माझा आहे! मीच ती गाडी मागे घेताना आमच्या फाटकावर आपटली होती. गॉर्डीच्या वडिलांची गाडी ती. वडील गेल्यापासून तो दुसऱ्या कुणाला धुवूही देत नाही.

गॉर्डी चालत गेला. त्या पोच्यावर हात ठेवला. मग वळून वॉल्टवर असा काही ओरडला, की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. शेजारचा माणूस मला म्हणतो, ‘काय नट आहे हो!’

१४ नोव्हेंबर

भांडले. मी म्हटलं, ‘ती भाड्याची नव्हती, वॉल्ट.’

तो टाय सोडत होता. म्हणाला, ‘गॉर्डीनेच सांगितलं, खरी गाडी घे. खोटी ओळखतात लोक.’

‘वडिलांची गाडी? स्वतःहून?’

‘फोनवर म्हणाला. विचार त्याला.’

‘विचारू कशी? लाँड्रीवाली म्हणून?’

टाय खुंटीला अडकवून तो निघून गेला. संताप झाला नुसता! लोकांना हसवायला बापाची गाडी देणारा तो एक मूर्ख, आणि घेणारा हा दुसरा. घरचं काही मध्ये आणायचं नाही म्हणे. जेवल्यावर पुन्हा अभ्यासिकेत हसणं सुरू! मी ताटं मुद्दाम आपटून धुतली.

१९ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर सिमेंटची गाडी. वॉल्टला आणखी तीन वर्षांचा करार मिळाला. गॉर्डीला काय मिळालं, ते कुणी छापलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी टर्की सांगून आले. खाटीक मनूकियन विचारतो, किती माणसं? म्हटलं, चार. ‘मग एवढी मोठी कशाला, बाई? त्या प्रुइटला बोलावलंय की काय?’ आणि स्वतःच खो खो हसला. मीही हसले. हो बाबा, त्यालाच बोलावलंय! तंगड्या तोच खातो. टर्की कापायची तर ती त्यानेच. वॉल्ट कापत नाही, फाडतो.

घरी येऊन वॉल्टला ठणकावून सांगितलं. थँक्सगिव्हिंगला गॉर्डी या टेबलावर हवा. मागच्या फाटकाने येऊ दे, टोपी घालून येऊ दे, नाहीतर लाँड्रीच्या पिशवीत बसून येऊ दे. तो आला नाही तर मी स्वतः दुकानात उभी राहून सगळ्यांना सांगेन, की हे सगळं खोटं आहे. वॉल्टचा चेहरा उतरला. करार जाईल म्हणून घाबरला असेल. घाबरू दे!

‘विचारतो त्याला,’ म्हणाला.

२५ नोव्हेंबर

रोज विचारते. रोज ‘आज विचारतो’. कॉलीन मैत्रिणीला घेऊन येतेय. टेबलाला फळी जोडली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज ठरवलं, नोकर असो की वर्तमानपत्र, गॉर्डीशी आपणच बोलायचं. वॉल्ट अभ्यासिकेत गेला. हसू ऐकू आलं तशी मी वर गेले आणि झोपायच्या खोलीतला, त्याच लाइनवरचा जोडफोन उचलला.

पलीकडून ती रेकॉर्डवरची वेळ सांगणारी बाई बोलत होती. तिचं झालं की टुण् वाजायचं. तेवढ्या फटीत वॉल्ट म्हणाला, ‘गॉर्डी, लेका, व्हर्ना विचारतेय, टर्की कापायला येशील ना?’ बाईने पुन्हा वेळ सांगितली. वॉल्ट हसला. अगदी गॉर्डीच्या बोलण्यावर हसतो तसाच.

मी आवाज न करता फोन ठेवला. संताप शोधला, सापडला नाही.

खाली गेले तर तो दारात उभा होता. म्हणाला, ‘येतो म्हणालाय.’

मी म्हटलं, ‘बरं झालं.’ आणि उद्याच्या टेबलावर पाचवं ताट मांडलं.