आभाळातले हैबतीतात्या

किकवी, सोमवार

तीर्थरूप आनंदमामांना,

इंद्रजितचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (सध्या ते डोकं दुसऱ्या कुठल्या कामाचं राहिलेलं नाही). तुमचा गुडघा उतरणीला कुरकुरत नसेल आणि हिर्डोशीला नाचणी बरी आली असेल, असं धरून चालतो. माझं विचाराल तर मी संपलो. फोन केला असता, पण रेंजसाठी तुम्हाला टेकावर चढावं लागतं आणि ही हकिगत उभ्यानं ऐकण्यासारखी नाही.

भोंगवलीचे हैबतीतात्या, तुमचे लहानपणचे सोबती, दूध संस्थेचे चेअरमन झाले. त्यांच्या मुलीशी, प्रगतीशी, माझं लग्न व्हावं असं आम्हा दोघांनाही वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तात्यांना ठाऊक नाही, असा आमचा समज होता). म्हणून अभिनंदनाचा फ्लेक्स मीच करून देतो म्हणालो. आता, फोटोतला माणूस ठेवून मागची भिंत काढून टाकायला मी एक लायब्ररी वापरतो. ही पुस्तकांची नव्हे. जगभरातल्या माणसांनी थोडं थोडं लिहून फुकट ठेवलेलं सॉफ्टवेअर असतं. कुणीही वापरावं, बिघडलं तर कुणीही दुरुस्त करावं. आपल्याकडे पाणंद दुरुस्त करतात तसंच, फक्त इथं माणसं खरंच येतात.

तात्या फोटोला उभे राहिले नव्यानं चुना दिलेल्या भिंतीसमोर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. लायब्ररीनं पांढरं तेवढं सगळं भिंत समजून काढून टाकलं. माझ्या कॉम्प्युटरवर मागचा पडदाही पांढराच, त्यामुळे मला तात्या अखंड दिसले. छापणाऱ्यानं मागं हौसेनं निळं आभाळ आणि ढग टाकले. मामा, किकवीच्या स्टँडवर फ्लेक्स चढला तेव्हा ढगांत तात्यांचा फक्त चेहरा होता, खाली दोन हात, आणि बऱ्याच खाली वहाणा. कपाळाच्या वर थेट आभाळ.

आपल्याकडे ढगांत चेहरा कुणाचा लावतात, ते तुम्हाला सांगायला नको. मजकूर वाचतो कोण? दुपारपर्यंत माणसं तात्यांच्या अंगणात गप्प बसायला आली. प्रगतीची आई, पारूबाईकाकी, बाहेर येऊन ओरडल्या, "आवो, गेल्यात कुठं? त्ये हितंच बसल्यात, च्या पित्यात!" ज्यांनी मजकूर वाचला होता ते जास्त चिडले, गेलेल्या माणसाचं अभिनंदन करतात होय, म्हणाले. तात्यांनी चहा तसाच ठेवला. दारात मला बघून एवढंच बोलले, "म्या न्हाव्याबिगर कुनाम्होरं टोपी काढली न्हाई. तू तालुक्याम्होरं काढलीस." मला रडू आलं, मामा. खरंच आलं.

मी लायब्ररीच्या सार्वजनिक फळ्यावर तावातावानं तक्रार लिहिली. कुठल्याशा देशातून एका बाईंचं गोड उत्तर आलं: बरोबर आहे तुमचं, दुरुस्त करून पाठवा. (फुकटच्या मालाची हीच खोड, भांडायला समोर माणूसच नसतो.) पेटून उठलो, रात्रंदिवस बसून दुरुस्ती केली आणि त्यांनी ती स्वीकारलीसुद्धा. आता जगात कुठंही पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी टोपी शाबूत राहते.

आणि त्याच आठवड्यात तात्यांचा निरोप आला: लग्नाची बोलणी करू, पण आधी पोरानं सोताचा तसाच फोटो त्याच जागी लावावा. मी पांढरे कपडे घालून त्याच भिंतीसमोर उभा राहिलो. काही केल्या माझा सदरा जाईना! माझ्याच दुरुस्तीनं माझं वाटोळं केलं. आता लग्न कसलं नि काय.

तुमचा अभागी भाचा,
इंद्रजित

ता.क. खरं सांगतो, लायब्ररीची जुनी आवृत्ती कधीही उतरवून घेता येते, दोन मिनिटांचं काम. माझा ढगांतला फोटो तयारही आहे. लावायचं धाडस होत नाही. तुम्ही भोंगवलीला जाऊन, 'तसा फोटो आता निघतच नाही,' असं तात्यांना पटवाल का? तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

दुसरा ता.क. राहू द्या. मी प्रगतीला पाठवलेला तो फोटो तिनंच तात्यांना दाखवला आणि छापायलाही दिला. तात्या हसले म्हणे. बोलणी रविवारी आहेत, तुम्ही हवेच. एसटीनं किकवीच्या स्टँडवर उतरा आणि वर बघा. मी तिथंच आहे.