खारीच्या खेळानं लावलेला निकाल

नाही हो वन्सं, पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. तुमच्या भाच्यानं फोनवर रडक्या आवाजात जे सांगितलं त्यातलं निम्मं सोडून द्या, उरलेल्या निम्म्याला मी जबाबदार आहे. (नमस्कार राहिलाच. मोठ्या नणंदेला वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिभेची चौकशी करत नाही, ती ठणठणीत असणार.) हे फोनवर बोलता येत नाही, कारण आमच्या घरात हल्ली भिंतींनाच काय, पडद्यांनाही कान फुटलेत.

लिफ्टचं तुम्हाला ठाऊक आहे. वायर जळली, दिवे गेले, धूर आला आणि मी नि माझी नात दोन मजल्यांच्या मधे लटकून राहिलो, माणसं येऊन दार फोडेपर्यंत. पोर बाहेर आली, आईच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं, मग पोटभर जेवली नि झोपली. एवढ्यावर भागलं असतं. पण हिच्या शाळेत मनाच्या बाई आहेत. (आपल्या वेळी मनाला बाई नव्हत्या, पाठीला छडी होती.) त्या म्हणाल्या, मुलं भीती बोलून दाखवत नाहीत, खेळताना दाखवतात. म्हणून त्यांनी पाटीएवढा टॅब घरी पाठवला. आठवडाभर रोज संध्याकाळी पोरीनं एकटीनं खेळायचं, शेजारी कुणी बसायचं नाही.

खेळ काय, तर एक खार. ती खोल्याखोल्यांतून अक्रोड गोळा करत हिंडते. मधेच दार धाडकन आपटतं, मधेच अंधारं बीळ लागतं. आत शिरा, नाहीतर लांबून वळसा घाला. मग चेहरे येतात, हसरा की रागीट ते दाबायचं. आपलं बोट कुठं अडखळलं ते म्हणे तो टॅब मनात धरून ठेवतो. (अगदी तुमच्यासारखा.) नातीला दोन डावांत कंटाळा आला. बाळांचा खेळ आहे म्हणाली, टॅब माझ्या मांडीवर टाकला नि खेळायला पळाली. आता अर्धवट खेळ परत पाठवायचा म्हणजे पानात टाकून उठल्यासारखं. मी चौथी पास बाई, हातात घेतलेलं तडीस नेते. उरलेला आठवडा मीच खेळले. एक चेहरा तर हुबेहूब तुमचा होता. मी रागीट दाबलं.

निकाल आला तो लाल गोल. भारी ताण, ताबडतोब लक्ष द्या. मग बघायचं होतंत आमचं घर. सून अशी कुजबुजायला लागली, जसं घरात कुणी गेलंय. तुमचा भाचा, जो दार लावतो तेव्हा खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं, त्यानं दारांच्या चौकटींना रबराच्या पट्ट्या डकवल्या. पोरगी शिंकली तरी दोघं दोन खोल्यांतून धावत यायची. मी गप्प बसून मजा बघत होते, खोटं कशाला सांगू. नातीनंही हात धुऊन घेतले, गृहपाठ माफ होता ना.

पण मग शाळेनं तिला रिलेतून काढलं. शर्यत सुटताना बार काढतात, तो हिला सोसायचा नाही म्हणे. शेवटचा टप्पा हिचा होता. तो दिला एका मुलीला, जी धावताना वेणी सांभाळते. नात बूट घालून दारातल्या पायपुसण्यावर बसून राहिली. मी शेजारी टेकले, तर हळूच विचारते, "आजी, मी बिघडलीये का?"

वन्सं, माझी मजा तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, अक्रोड मी वेचलेत. त्या आधी हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. पोरीला समोर बसवून खेळवलं, गोल हिरवा आला. रिलेत परत घेतलं. पोरी आल्या तिसऱ्या, पण आमची बया अशी धावली की जणू चोर मागे लागलाय. तुमचा भाचा माझ्याशी बोलत नाही, मात्र इतरांवर पूर्वीसारखा ओरडतो. म्हणजे घर बरं झालं.

तुमची वात्रट वहिनी

ता. क. एक काम होतं. भाच्याला फोन करून सांगा की गुडघे फार धरलेत, वहिनीला महिनाभर पाठव. तुमचं घर बैठं आहे, एवढ्यासाठीच काही नाही. तुमची आठवण येते असं लिहिणार होते, पण तुम्ही विश्वास ठेवायच्या नाहीत.

आणखी एक. मनाच्या बाईंनी विचारलं होतं, "मग तो लाल गोल कुणाचा हो, आजी?" मी म्हटलं, म्हातारीचं बोट, थरथरायचंच. माझं बोट थरथरत नाही, वन्सं. अजून सुई एका दमात ओवते. लिफ्टमध्ये मी पोरीला चुटके सांगत होते नि मनात म्हणत होते, आता संपलं. बाहेर आल्यावर सगळे तिच्याकडे धावले, ते बरोबरच आहे. मला कुणी विचारलं नाही, नि मी चेष्टा करत राहिले. कुठलंही दार लागलं की मला धुराचा वास येतो. तो निकाल बरोबर आहे. मला फार भीती वाटते.