ताईंचा गुडघा

२ एप्रिल
रजा मंजूर. मोहिमेचं बुकिंग झालं. सहा हजार मीटरच्या वरचं शिखर. गाईड त्यांचा, तंबू त्यांचे, स्वयंपाक त्यांचा. आपण फक्त चालायचं.

निर्णय रागाच्या भरात घेतलेला नाही. टीम लीडची जागा साहेबांनी परवा दुसऱ्याला दिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. दिवसभर लोकांचे वजनकाटे आणि थर्मामीटर किती खोटं बोलतात ते तपासून द्यायचं, आणि वर ऐकायचं की तुमचं यंत्रांशी छान जमतं, जरा माणसांशी जमवा. मी म्हणाले, यंत्रं वेळेवर येतात. साहेब हसले. मी विनोद केला नव्हता.

मोहिमेवरून आले की ऑफिसात त्यावर प्रेझेंटेशन देईन असं सांगून टाकलं. विषय: गाईडसोबतची गिर्यारोहण मोहीम, काय अपेक्षा ठेवावी. साहेबांना टीमवर्कचं एक उदाहरण मिळेल.

आईला सांगितलं. म्हणाली, गॅसचा सिलिंडर आत घ्यायला शेजारच्यांना हाक मारतेस तू. मी म्हणाले, सिलिंडरला चाकं नसतात. आई म्हणाली, डोंगराला असतात का गं?

संकल्प: रोज पहाटे पाठीवर ओझं घेऊन नऊ मजले जिना चढणे.

९ एप्रिल
जिना झाला नाही. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे जिन्यात गर्दी.

२८ एप्रिल
लिफ्ट सुरू झाली. जिना रिकामा. आता पाठ धरली आहे.

वाचन मात्र पूर्ण. उंचीवर शरीराचं काय होतं यावर मिळतील तेवढे शोधनिबंध वाचले. त्रासाचं कारण माहीत असलं की त्रास कमी होतो, असं त्यांत कुठे लिहिलेलं नाही, पण तर्काने निघतं.

१८ मे, पायथ्याचं हॉटेल
सगळे भेटले. आम्ही सहा, गाईड तीन. मुख्य गाईड कमी बोलतो आणि बोलताना दाढी खाजवतो. काय अपेक्षा ठेवायची ते त्याने सांगितलं: डोकं दुखेल, झोप लागणार नाही, भूक मरेल, आंघोळ विसरा, आणि चौथ्या दिवसापासून एकमेकांचा राग येईल. शेवटचं सोडून सगळं टिपून घेतलं.

महत्त्वाचा नियम. वरच्या कॅम्पपासून पुढे एका दोरीवर एक गाईड आणि दोन माणसं. दोघांतलं एक परतलं की अख्खी दोरी परतते. वर कुणाला एकटं ठेवत नाहीत. काही होत असेल तर खाली तळावर बोला, गाईड म्हणाला. तिथे माणसं असतात, तुम्ही आराम करा, दुसरा वर जाईल. वर जाऊन बोललात तर दोघांचंही शिखर गेलं.

माझ्या दोरीवर मुख्य गाईड आणि ताई. ताईंचं रंगाचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न, उजव्या गुडघ्याला पट्टा. गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले लगेच, यांनी डॉक्टरकडून एक डोंगर मागून घेतला. म्हणाल्या, नवा गुडघा जिना चढेल गं, डोंगर नाही. हा आपला शेवटचा.

हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. माझं शिखर एका झिजलेल्या सांध्यावर अवलंबून आहे.

१९ मे
गाईडला बाजूला घेऊन शांतपणे जोखीम समजावली. आमच्यात दोन डेंटिस्ट भाऊ आहेत, त्यांतला धाकटा माझ्या दोरीवर द्यावा, ताई थोरल्याबरोबर जातील, असं सुचवलं. गाईड दाढी खाजवत म्हणाला, मॅडम, आता लग्न लावून दिलंय, निभवा.

या क्षेत्रात डेटाला किंमत नाही.

२३ मे, तळ
ताईंबरोबर एका तंबूत. झोपेत घोरतात, जागेपणी बोलतात. गिऱ्हाईक फिका पिवळा सांगून नेतं आणि घरी भिंत बघून म्हणतं हा काय पिवळा आहे का, वगैरे. मला त्या इंजिनीअर म्हणतात. नाव विचारून झालं होतं, तरी.

रोज सकाळी गाईड ऑक्सिमीटर फिरवतो. बोटाला लावायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. ऐंशीच्या खाली असेल त्याला वर सोडणार नाही. ताई सत्त्याऐंशी. मी एकोणऐंशी.

हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं, विचारलं. गाईड म्हणाला, विकत घेतलं तेव्हा चालू होतं. छान. गार बोटावर ही यंत्रं कमी दाखवतात, हे शास्त्र आहे. माझी बोटं गार होती. सुधारणा अधिक सहा. मी पंच्याऐंशी सांगितलं. हे खोटं नाही, दुरुस्त केलेलं मूल्य आहे. लॅबमध्ये रोज करतो.

ताईंची बोटंही गार होती. त्यांना सुधारणा लावली नाही, कारण त्यांनी मागितली नाही.

२६ मे
सरावासाठी वर जाऊन खाली आलो. चढताना ताई पुढे, पण उतारावर लंगडतात. नोंद केली. मी मागे राहिले ते त्यांच्या चालीचं निरीक्षण करता यावं म्हणून.

डोकं दुखतंय. अपेक्षित.

२९ मे
कोरडा खोकला. हवा कोरडी आहे.

ऑक्सिमीटरच्या आधी बोट चहाच्या मगाला धरून ठेवते आणि खोल श्वास घेते, भरभर. यंत्र स्थिर व्हायला वेळ देणं ही मान्य पद्धत आहे. ताई म्हणाल्या, अगं ते बोट सोड आता, शिजेल. आकडा बहात्तर. सुधारणा वाढवून अधिक अकरा केली.

आज ताईंना आपण होऊन सांगितलं की गुडघा जास्त दुखत असेल तर तळावर राहायला कमीपणा वाटून घेऊ नका. आपुलकीने सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या तोंडात साखर पडो.

हे कौतुक नसावं.

३१ मे
उद्या वर निघायचं. खोकला ओला झालाय. सकारात्मक लक्षण, छाती मोकळी होतेय.

दुपारी ताईंनी विचारलं, हा खोकला कसला. मी म्हणाले, धुळीचा. म्हणाल्या, बर्फात धूळ? मग पायाला तेल चोळत म्हणाल्या, भिंतीला ओल आहे हे लपवून रंग मागणारी गिऱ्हाइकं असतात. रंग फुगला की भांडायला माझ्याकडेच येतात. तुला काही होत असेल तर आत्ता बोल पोरी, इथे राहा, मी तुझ्यासाठी वरून एक दगड आणते.

मी सकाळचा आकडा सांगितला. दुरुस्त केलेला. ताई म्हणाल्या, मग ठीक आहे बाई, तुमचं ते आकड्यांचं तुम्हाला कळतं.

आकड्यापुढे माणसं गप्प होतात, हा माझा व्यावसायिक अनुभव आहे. तरी रात्री झोप लागली नाही. आडवं झालं की छातीत उकळल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा वाटलं ताईंचं घोरणं.

गाईडचा तंबू जवळच आहे. जाऊन फक्त विचारायला हरकत नव्हती. पण बाहेर बूट घालून जावं लागतं.

२ जून, वरचा कॅम्प, दुपार
चढाई चांगली झाली. बऱ्याचदा थांबले, दृश्य पाहायला. धुकं होतं.

बसूनही धाप लागते. सगळ्यांनाच लागत असणार. ताई बर्फ वितळवतायत आणि गुणगुणतायत. ऑक्सिजनचा अपव्यय.

सुधारणा अधिक अकरा. की सतरा. मागचं पान बघायला हवं. नको.

ताईंचे बूट माझ्या पायात निघाले. त्यांनीच दाखवले. बूट नीट लावून ठेवायची पद्धत नाही इथे.

ओठ निळे आहेत म्हणे. कुणाचे ते

३ जून, तळ
काल उजेड होता तोवरच खाली निघालो. मला सगळं आठवतं, क्रमाने नाही.

गाईड तंबूत डोकावला आणि म्हणाला, मॅडम, जरा बाहेर या, या बर्फावरून सरळ रेषेत चालून दाखवा, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचं बोट लावत. मी चालले तिथे पृष्ठभाग समतल नव्हता. हे त्याला सांगितलं. बसून सांगितलं, कारण तोवर बसले होते. मग त्याने माझ्या पाठीला कान लावला आणि दाढी न खाजवता उठला.

मी म्हणाले, पंच्याऐंशी. तो म्हणाला, मी विचारलं नाही.

ताईंनी एकदाच विचारलं, दुसऱ्या दोरीवर तिसरी म्हणून मला नेता येईल का? गाईड म्हणाला, नाही ताई. मग पुढची हवा कशी, ताईंनी विचारलं. म्हणाला, उद्याचा दिवसच चांगला आहे, परवापासून वारा. ताई बूट काढायला बसल्या होत्या. काढलेला एक परत पायात घातला.

शिखर तिथून दिसत होतं. फार जवळ दिसत होतं, त्यामुळे मी तिकडे पाहिलं नाही.

उतारावर माझी सॅक ताईंनी घेतली. पुढे माझा तोल जाऊ नये म्हणून गाईडने मला दोरीला आखूड धरलं होतं. मागे ताईंची काठी आणि दर काही पावलांनी दातांतून घेतलेला श्वास. उतारावर लंगडतात, हे निरीक्षण बरोबर निघालं.

४ जून, दवाखाना
फुप्फुसात पाणी. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक रात्र वर काढली असती तर मी तुम्हाला ओरडले नसते, कारण ओरडायला तुम्ही नसतात.

बोटाला त्यांचं यंत्र लावलं, मग गाईडचं, ते खाली येताना त्याने माझ्या सॅकमध्ये टाकलं होतं. दोन्हींचा आकडा एकच. दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

ताई आल्या. गुडघा टरबुजासारखा सुजलेला, वर बर्फाची पिशवी बांधलेली. पलंगाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. कशी आहेस विचारलं. बरी, म्हणाले. मग म्हणाल्या, मी तुला विचारलं होतं ना गं. तळावर, तोंडावर विचारलं होतं. हो म्हणाली असतीस तर तू तिथे राहिली असतीस आणि मी गाईडबरोबर गेले असते. एवढंच होतं. एवढंसं.

मी म्हणाले, उपकरणाच्या अचूकतेबद्दल शंका होती.

ताई म्हणाल्या, माझा गुडघा खोटं बोलत नव्हता, तरी तू रोज त्याच्याकडे बघत होतीस.

आणि गेल्या. दारापाशी जाताना एका हाताने भिंत धरली.

६ जून
बाकीचे चौघे शिखरावर जाऊन आले. हॉटेलच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा होता. थोरल्या डेंटिस्टने कॅमेरा माझ्या हातात दिला, म्हणाला, तुम्ही मोकळ्याच आहात ना. चौकट नीट धरली. सगळ्यांचे पाय आले.

ताई पहाटेच्या गाडीने गेल्या होत्या. मला माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी एक मुद्देसूद खुलासा लिहून ठेवला होता. तो आता फोनवर सांगीन. उद्याच.

१५ जून
फोन झाला नाही. खुलासा अजून आटोपशीर हवा.

२२ जून
आज ताईंचं ऑपरेशन आहे, तारीख त्यांनी तंबूतच सांगितली होती. त्यांच्या दुकानाचा नंबर लावला. मुलाने उचलला, म्हणाला, आई हॉस्पिटलात आहे, आपण कोण? मी म्हणाले, ऑइल पेंटचा भाव विचारायचा होता. त्याने सांगितला. किती लिटर हवा म्हणाला. चार म्हणाले.

संकल्प: त्या घरी आल्या की प्रत्यक्ष जाऊन भेटणे.

२७ जून
प्रेझेंटेशन झालं. जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या मीटिंग रूममध्ये. बरीच गर्दी. स्लाइड्स नेमक्या होत्या: थंडी, उंची, आहार, सामान, शरीरावर होणारे परिणाम. खोकल्यावर एक स्वतंत्र स्लाइड केली होती. ती आयत्या वेळी वेळेअभावी वगळली. वेळ उरला.

शेवटी नव्या टीम लीडने विचारलं, मग शिखराच्या इतक्या जवळून परत का यावं लागलं?

उत्तर तयार होतं. तांत्रिक होतं, खरं होतं, घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, माझ्या दोरीवर एक ताई होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांचा गुडघा…

इथे मी थांबले. श्वास घ्यायला. वाक्य संपलेलं नव्हतं.

कुणीतरी अरेरे म्हणालं. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, बघा, याला म्हणतात टीम. हातातोंडाशी आलेलं शिखर सोबतच्या माणसासाठी सोडायला मोठं मन लागतं. माझ्याकडे पाहून म्हणाले, मी तुमच्याबद्दल चुकलो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाक्य पूर्ण केलं नाही. पूर्ण न केलेलं वाक्य खोटं ठरवता येत नाही.

टाळ्या बराच वेळ चालल्या. किती वेळ, ते मोजलं नाही.