बघण्याचा तास

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
पोपटाचा सा. न. वि. वि.

आधी राग काढून घेतो, म्हणजे पुढचं पत्र गोडीत लिहायला मोकळा. परवा ऑफिसच्या कामासाठी तू आमच्या गावात येऊन गेलीस, शाळेतही आलीस, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. आणि मला न भेटता गाडी पकडलीस? सख्खी बहीण ना तू? तू आल्याचं कळताच हिनं तुझ्यासाठी पलंगावर नवी चादर घातली होती. तीही फुगून बसली आहे.

थांबली असतीस तर माझा तास तरी ऐकला असतास. आठवीला इंग्रजीतली बघण्याची क्रियापदं शिकवत होतो. आपलं दिसणं वेगळं नि बघणं वेगळं, तसं त्यांचं ‘सी’ आणि ‘लुक’. डोळे उघडे असले की ‘सी’ आपोआप होतं. ‘लुक’ मुद्दाम करावं लागतं. हलत्या गोष्टीवर नजर ठेवली की ‘वॉच’. चोरून ते ‘पीप’, ओझरतं ते ‘ग्लान्स’, आणि लहानपणी तू माझ्या ताटातल्या मोठ्या तुकड्याकडे बघायचीस ते ‘स्टेअर’. मुलांना रांगेत उभं करून एकेक क्रियापद करून दाखवायला लावलं. काय रंगला होता तास!

बाकी क्षेम. व्हरांड्यातले दिवे हल्ली फार मंद झालेत. दोनदा बादलीला अडखळलो आणि शिपायाला फैलावर घेतलं.

राग उतरेपर्यंत लोभ तूच सांभाळ.
तुझा पोपट


दि. १२ फेब्रुवारी

चि. पोपटास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अरे, मी तुझ्या वर्गात होते! सबंध तास होते. तुझ्या टेबलाच्या डाव्या हाताला, खिडकीपाशी, खुर्चीवर. मुलं उठायला लागली तशी त्यांना मीच खुणेनं बसवलं; तुला चकित करायचं होतं. तुझ्याकडे बघून हसले, हात हलवला. तू माझ्या खुर्चीला घासून फळ्याकडे गेलास आणि शिकवतच राहिलास.

मला वाटलं, कसला तरी रुसवा धरून मुद्दाम टाळतोयस. तास संपल्यावर तोंड फिरवून निघाले ती गाडीत बसेपर्यंत रडत होते. आणि आता तू लिहितोस, मी भेटले नाही! रांगेच्या टोकाचा मुलगा तुला जीभ काढून दाखवत होता. तू त्यालाही ‘व्हेरी गुड’ म्हणालास. वर्ग हसला, तूही हसलास.

आणि ते दिवे! पोपटा, बाबाही दिव्यांनाच नावं ठेवायचे. आपण घरातले बल्ब बदलत बसलो आणि तिकडे त्यांचे डोळे गेले. काचबिंदू असाच चोरपावलांनी येतो, समोरचं शाबूत ठेवतो आणि कडेचं खात जातो. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नोकरीचं काय होईल ते मागून बघू. मला फार भीती वाटते रे.

माझंही चित्त थाऱ्यावर नाही. काल तुझं पत्र वाचून बाजारात गेले, तर एका सायकलवाल्यानं मला आडवं केलं. गुडघा सोलला. घंटी वाजवायला काय झालं होतं, म्हणून त्याची चांगली खरडपट्टी काढली.

लगेच कळव. पत्र येईपर्यंत घास उतरणार नाही.
तुझी ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पहिले दोन दिवस तुझ्यावर नुसता संतापलो. ताई काहीतरीच लिहिते, असं हिला सांगायला गेलो, तर ही रडायलाच लागली. वर्षभर ती चहाचा कप नेमका माझ्या नाकासमोर ठेवते म्हणे. बाजूला ठेवला की मी सांडतो. माझा वेंधळेपणा समजून बिचारी गप्प राहिली.

काचबिंदूच आहे. गेलं ते परत येणार नाही, पण थेंब न चुकता घातले तर उरलेलं टिकेल. वर्ग सोडावा लागणार नाही. ‘सी’ आपोआप होतं, असं मी मुलांना छातीठोक सांगितलं होतं! तू खिडकीपाशी बसून हात हलवत होतीस, हे डोक्यातून जातच नाही.

वडिलांना होता म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, भावंडं किती. तुझं नाव सांगितलं. तर म्हणाले, त्यांनाही ताबडतोब तपासून घ्यायला सांगा.

ताई, तो सायकलवाला कुठल्या बाजूनं आला होता?

उत्तराची वाट बघतो आहे.
तुझा पोपट


दि. २६ फेब्रुवारी

चि. पोपटास आशीर्वाद.

निव्वळ तुझ्या समाधानासाठी गेले. पेपर वाचते, सुई ओवते, मला काय धाड भरली आहे, असं डॉक्टरीणबाईंना ऐकवलंही. त्यांनी एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. समोर एकटक बघायचं आणि कडेला कुठं दिवा चमकला की बटण दाबायचं. मी शहाण्या मुलीसारखी बसले. थोडे दिवे चमकले, मग बराच वेळ काहीच नाही. मी आपली बटणावर अंगठा ठेवून वाट बघतेय. शेवटी मीच त्यांना म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय.

यंत्र चालू होतं, पोपटा. दिवे लागतच होते.

थेंब आणलेत. तूही घालत जा. त्या सायकलवाल्याला शोधून माफी मागायची आहे. घंटी त्यानं वाजवली होती, आता आठवतं. पुढच्या महिन्यात येते. चादर घालून ठेव म्हणावं. मी नाकासमोर चालत येईन, तूही तसाच ये. कडेनं यायचं नाही कुणी.

लोभ आहेच, तो समोर ठेव.
तुझी ताई