माडीवरच्या खोलीबाबत

मी, सगुणा देवजी म्हात्रे, वय एकाहत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार घणसोली गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. वकिलांचा मसुदा फार कोरडा होता, म्हणून तो समोर ठेवून माझ्या हाताने लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

घर. गावठाणातले माझ्या नावावरचे घर, तळमजला आणि माडी, माझ्यामागे मुलगा विपुल याचे. त्याला ते बिल्डरला देऊन टॉवर उठवायचा आहे, हे मला ठाऊक आहे. विपुल गुणाचा आहे, फक्त घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. म्हणून बाळा, पुढची अट सावकाश वाच.

माडीवरच्या खोलीत माझी भाडेकरू थिरी राहते. वकिलांनी तिचे आडनाव विचारले. त्यांच्या ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, आडनावे नसतात. ती कॉलेजसाठी इथे आली, तेव्हा तिच्या मासळीच्या चटणीच्या वासावरून सोसायट्यांनी तिला दारातूनच परत पाठवले होते. माझे माहेर दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले, वाळत घातलेल्या बोंबलांखाली मी वाढले. मला तो वास घरचा वाटला आणि मी खोली दिली.

२०२१ च्या फेब्रुवारीत तिकडे फौजेने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकून सत्ता घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थिरी गॅलरीत उभी राहून माझा भाताचा टोप पळीने बडवू लागली. कोरोनाच्या थाळ्या वाजवून तेव्हा वर्षही झाले नव्हते. गल्लीला वाटले, वरून पुन्हा आदेश आला. सगळे आपापल्या थाळ्या घेऊन बाहेर. समोरची बायजाबाई तर शंख घेऊन आली.

"काय गो पोरी, काय चाललंय?" मी विचारले.

"आये, भूत घालवते." मराठी ती घणसोलीतच शिकली, म्हणून आमच्यासारखीच बोलते. "आमच्यात घरात वाईट शिरलं का भांडी वाजवून हाकलतात. आता देशात मिलिटरी शिरली हाय. माझा भाव पन तिकडं वाजवतोय."

मी हे गल्लीला ओरडून सांगितले. बरेच जण आत गेले. दत्तू भावजी म्हणाले, "त्या चिनी पोरीला आधी खोलीतून काढा." बायजाबाई म्हणाली, "आता शंख आनलाच हाय तर वाजवतेच." मग आम्ही तिघींनी वाजवले. नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या आमच्या जमिनींच्या आंदोलनात माझे यजमान देवजी काठ्या खाऊन घरी आले होते, तेव्हा आमच्यासाठी परक्या कोणी असे वाजवले असते तर मला किती बरे वाटले असते.

थिरीचा भाऊ मास्तर. फौजेच्या हुकमाखाली शिकवणार नाही म्हणाला, म्हणून आजही तुरुंगात आहे. तिचा पासपोर्ट संपला. नवा मागायला वकिलातीत, म्हणजे त्याच फौजेच्या दारात जावे लागते, ती जात नाही. निर्वासितांच्या कार्डावर राहते, गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि माझ्या गुडघ्यांना रोज तेल लावते. ती माझी मुलगीच आहे. जागृती, तू रागावू नकोस, तू थोरली.

अट. मालकी विपुलची, पण त्या खोलीत राहण्याचा हक्क थिरीचा. तिचा देश पुन्हा लोकांच्या हाती येऊन ती आपणहून परत जाईपर्यंत घर पाडू नये. परवा विपुल म्हणाला, "आई, तिकडं इलेक्शन झालं ना? मग टेन्शन संपलं, आता जाईल ती." फौजेने विरोधकांना आत ठेवून घेतलेली निवडणूक या अटीत धरू नये. लोकांचे राज्य आले की नाही, हे थिरी ठरवेल, बिल्डर नाही. अट मोडल्यास सगळे घर जागृतीचे.

सोने जागृतीला. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. शंखाची साथ दिली म्हणून माझी पैठणी बायजाबाईला. दत्तू भावजींना माझ्या दिवसांना पहिली पंगत द्यावी, पण वाढायला थिरी असावी आणि तिने आणखी वाढू का असे विचारल्याशिवाय त्यांनी उठू नये. पोचे पडलेला टोप थिरीला. त्यात भात आता नीट बसत नाही, तरी तिला तोच लागतो.

थिरीला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. तेव्हा तिला कळले आणि ती रडू लागली. मीही रडले.

शेवटचे. आम्हाला जमिनीच्या बदल्यात भूखंडाचा शब्द मिळाला होता. तो भूखंड हातात आला तेव्हा देवजी नव्हते. सत्तेने दिलेला शब्द किती टिकतो, ते मी पाहिले आहे. म्हणून थिरी मायदेशी गेली तरी पुढे वर्षभर खोली तशीच ठेवावी. तिकडचे पुन्हा बिनसले, तर पोरीने कुठे जायचे? जाताना खोलीची चावी तिने सोबत न्यावी. विपुल, कुलूप बदलू नकोस.

हे सर्व मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी आपल्या सह्या माझ्यासमोर केल्या.

सगुणा देवजी म्हात्रे

साक्षीदार:
१. राजेश्वरी धनाजी शिंदे, शेजारीण
२. रणजीत पाटील, गल्लीतले डॉक्टर

(बायजाबाईही सही करायला आली होती. पैठणीपायी तिची साक्ष गेली.)

घणसोली गाव, १५ फेब्रुवारी २०२६