शनिवारपर्यंत गुंजन बोलेल

सोमवार, ३ फेब्रुवारी
शाळेत बोलावलं होतं. रुचिका मॅडम म्हणाली, दादीजी, तुमची नात नोव्हेंबरपासून वर्गात एक अक्षर बोललेली नाही. गणितात पैकीच्या पैकी, तोंड बंद. हल्ली अभ्यासाबरोबर मनाचाही तास असतो म्हणे. पोरं डोळे मिटून बसतात, मग काय वाटतं ते सांगतात. आमचा मास्तर नुसती छडी दाखवायचा, वाटायचं ते आपोआप वाटायचं.

शनिवारी घरचं माणूस घेऊन गोलात बसायचं. तेव्हाही गप्प राहिली तर दुसऱ्या शाळेत घाला म्हणते. ती यमुनेपलीकडे, दोन बस. मी म्हटलं, बोलेल. नातीला मी ओळखते.

ही वही मॅडमनेच दिली. रोज काय वाटलं ते लिहा, कुणी वाचणार नाही. चौथी शिकलेय, लिहीन.
काय वाटलं: काही नाही.

मंगळवार, ४
वर्गाच्या दारावर चेहरे चिकटवलेत. हसरा, रडका, रागावलेला. पोरांनी आपापल्या चेहऱ्याखाली नावाची चिठ्ठी लावायची. गुंजनची दप्तरातच. मीच हसऱ्याखाली लावून आले. निम्मं काम झालं.

संध्याकाळी पाव किलो जिलेबी पुढ्यात ठेवली. म्हटलं, बोल, मगच मिळेल. नुसती बघत बसली. गार झाली, मीच खाल्ली.

बुधवार, ५
गच्चीवर मटार सोलताना शेजारची बिमलेश म्हणाली, अंगूरी चाची, मंजू दिसत नाही, पोर आईसाठी झुरतेय. मी म्हटलं, तुझ्या मटारातल्या अळ्या बघ.

मुलगा गेल्यावर सून मस्कतला कुणाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. गल्लीला कळलं तर नको ते बोलतील. म्हणून मंजू निघाली त्याच दिवशी पोरीला बजावलं, तोंड उघडलंस तर आई परत यायची नाही. हुशार पोर. अजून कुणाला पत्ता नाही.

गप्प का असते हे मात्र कळत नाही. बापावर गेली असेल.
काय वाटलं: काही नाही.

गुरुवार, ६
तालीम. मी मॅडम झाले. मिट डोळे, सांग, काय वाटतं? तिच्या डोळ्यांतून पाणी. धूर लागला असेल. घरात गॅस आहे, तरी.

शुक्रवार, ७
हात जोडले तिच्यापुढे. कुणी बघत नव्हतं. म्हटलं, एक शब्द, बेटा. दोन बस माझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत, तुला एकटीला कशी पाठवू? तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.
उद्या बोलेल. बोलायलाच हवं.

शनिवार, ८
गोलात बिमलेशही होती, तिच्या पोराबरोबर. गुंजनची पाळी आली. मॅडम म्हणाली, घाई नाही. पोर माझ्याकडे बघत राहिली. मी मानेने खुणावलं, बोल.

बोलली. स्वच्छ आवाजात, सगळ्यांसमोर. दादी, बोलले तर आई खरंच नाही येणार?

मॅडमने मला विचारलं, दादीजी, तुम्ही काय सांगाल? गल्लीत माझ्यापुढे कुणी टिकत नाही. तोंड उघडलं. काही आलंच नाही.

घरी येईपर्यंत पोरीने तेच तीनदा विचारलं. वाटेत जिलेबी घेऊन दिली. एक उचलून तिने माझ्यापुढे धरली, मी हात पुढे केला तशी मागे घेतली.

म्हणाली, बोल, मगच मिळेल.